शार्त्रच्या काचांतील कारागीर

पॅरिसच्या नैर्ऋत्येस बोस नावाचा गव्हाचा विस्तीर्ण सपाट मुलूख आहे, आणि त्या मुलुखातून शार्त्र नगरीकडे जाणाऱ्या प्रवाशास नगरातील घरे दिसू लागण्यापूर्वीच तेथील कॅथीड्रलची दोन शिखरे क्षितिजावर दिसतात. ही शिखरे परस्परांशी मुळीच जुळत नाहीत. दक्षिणेकडील शिखर बाराव्या शतकातले, साधे, निरलंकार व सुमारे 105 मीटर उंच आहे. उत्तरेकडील मात्र 1506 साली वीज पडून जुने शिखर जळाल्यावर जेआं द बोस या स्थपतीने उभारलेले, नक्षीने गजबजलेले व आणखी काही मीटर उंच आहे. या स्थपतीचे नाव दप्तरात राहिले. परंतु ज्याने मुख्य मंदिराची कल्पना केली, त्या त्याच्या थोर पूर्वसूरीचे नाव कोणत्याही कागदावर उरलेले नाही.

10 जून 1194 रोजी शार्त्रमध्ये भीषण आग लागली आणि पश्चिमेकडील दर्शनी भाग, त्यालगतचे बुरूज व तळघर एवढे वगळता पूर्वीचे कॅथीड्रल भस्मसात झाले. मेरीमातेचे म्हणून शतकानुशतके पूजिले जाणारे वस्त्र जळाले या समजुतीने नागरिक हतबल झाले होते. ते तळघरात सुरक्षित सापडल्यावर, पोपचा प्रतिनिधी कार्डिनल मेलिओर याच्या आवाहनानुसार बिशपने व कॅनन म्हणविणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बांधकामास दिला. सुमारे पंचवीस वर्षांत मुख्य काम उरकले, ही त्या काळाच्या मानाने विलक्षण त्वरा होय. विधिपूर्वक समर्पण मात्र 1260 साली, राजा नववा लुई याच्या उपस्थितीत झाले.

या इमारतीचे खरे साहस भिंत नाहीशी करण्यात आहे. जुन्या पद्धतीच्या दगडी छताचा भार पेलण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागत व त्यांत खिडक्या लहानच काढता येत. येथे सुमारे 37 मीटर उंचीवरच्या छताचा भार दगडी फासळ्यांनी गोळा करून ठराविक खांबांवर उतरविला, आणि त्या खांबांना बाहेर रेटणारा जोर, बाजूस उभारलेल्या प्रचंड टेकूंपर्यंत हवेतून झेप घेणाऱ्या कमानींनी, जमिनीपर्यंत नेला. खांबांच्या मधली जागा अशा रीतीने मोकळी झाली, पूर्वीचा वरचा सज्जा वगळण्यात आला, आणि वरच्या खिडक्या खालच्या कमानींच्या तोलाच्या उंच झाल्या. मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्ये गॉथिक शैलीचे टोकदार सौंदर्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना शार्त्रमध्ये त्या सौंदर्यामागची निकड समजते: बाहेरचा हा सारा अवजड खटाटोप आतल्या काचेसाठी आहे.

ही काच सुमारे अडीच हजार चौरस मीटर भरते. बाहेरच्या उन्हातून आत येताच प्रथम अंधारच वाटतो. मग डोळे निवतात, आणि उंचावर निळा व तांबडा प्रकाश हळूहळू आकार घेऊ लागतो. दक्षिणेकडील एका खिडकीत, सुमारे 1180 मध्ये घडविलेली व आगीतून बचावलेली मेरीमाता बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे. तिच्या वस्त्राचा तो फिकट, तेजस्वी निळा रंग पाहिल्यावर त्याला दुसरी उपमा शोधावीशी वाटत नाही.

तथापि मला सर्वाधिक वेळ थांबविले ते खिडक्यांच्या तळाशी असलेल्या लहान चित्रांनी. वर संतांची चरित्रे, आणि खाली पाव भाजणारे, जोडे शिवणारे, पाणके, खाटीक, मोहरा तोलणारे सराफ. नोआच्या कथेखाली सुतार व पिंपे बनविणारे आहेत, ते नौकेच्या कथेला किती शोभून दिसतात! संत शेरोंच्या खिडकीखाली गवंडी भिंत रचीत आहेत व पाथरवट राजांच्या मूर्ती घडवीत आहेत.

या व्यावसायिकांनी भक्तिभावाने वर्गणी करून खिडक्या अर्पण केल्या, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतली. मेरीच्या सणांना भरणाऱ्या जत्रांत कॅथीड्रलच्या आवारात मांडलेली दुकाने नगराच्या सरदाराच्या जकातीतून मुक्त असत व त्यांवर कॅननांचा अंमल चाले. त्यामुळे नगराचे हे दोन धनी उत्पन्न व अधिकार यांवरून सतत भांडत, आणि 1210 साली तर चिडलेल्या नागरिकांनी कॅननांच्या प्रमुखाच्या घरावर हल्ला चढविला. अशा नगरात प्रत्येक काच स्वखुशीची देणगी होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु केवळ सक्तीच्या वसुलीने ही सृष्टी निर्माण झाली, असेही मला मान्य करवत नाही; कारण दगड फोडणाऱ्याचा वाकलेला खांदा आणि पाववाल्याची भरलेली टोपली ज्या जिव्हाळ्याने काचेत उतरली आहे, ती कोणत्याही हुकूमनाम्याने उतरत नसते.

1836 साली छतावरचा प्राचीन लाकडी सांगाडा जळाला, तेव्हा त्याच्या जागी लोखंडी सांगाडा चढवून वर तांब्याचा पत्रा घालण्यात आला. दगडी छताने ज्वाळा अडविल्यामुळे काचा तगल्या. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या उतरवून सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या, आणि युद्ध संपल्यावर, संतांबरोबर पाथरवट आणि पाणकेही, पुन्हा आपापल्या जागी बसविण्यात आले.