चित्रात न दिसलेला दोरा

1855 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात, मिल पॉइंट नावाच्या खेड्यात, जेम्स एडवर्ड ॲलन गिब्ज या शेतकऱ्याच्या पाहण्यात जाहिरातीतलं एक चित्र आलं. ग्रोव्हर अँड बेकर कंपनीच्या शिलाई मशीनचं. खरं मशीन त्याने तोवर पाहिलंच नव्हतं. चित्रात वरचा भाग तेवढा दिसत होता. कापडाखाली काय चालतं आणि तिथे दुसरा दोरा असतो, हे कळायला मार्ग नव्हता. गिब्जने दोरा एकच धरला आणि एकट्या दोऱ्याने टाका कसा पडेल, याच्या मागे लागला.

त्या अज्ञानातून एक अस्सल नवी रचना जन्मली, हे या कहाणीतलं खरं नवल.

गिब्जला सुचला तो गोल फिरणारा आकडा. दोरा घेऊन सुई कापडाखाली उतरते आणि परत वर निघताना दोऱ्याचा लहानसा फास खाली सुटतो. फिरत्या आकड्याचं टोक नेमकं त्याच क्षणी फासात शिरतं, त्याला अर्धा पीळ देतं आणि रुंद करून धरून ठेवतं. सुई पुन्हा उतरते ती त्या फासातूनच. नवा फास आकड्यावर येतो, जुना निसटून त्याच्याभोवती आवळतो. कापडाच्या वरच्या अंगाला साधी सरळ शिवण, खालच्या अंगाला साखळी. बॉबीन नाही, शटल नाही. रिळावरचा दोरा संपेपर्यंत शिवत राहायचं.

पुढच्या वर्षी एका शिंप्याच्या दुकानात त्याला सिंगरचं मशीन पाहायला मिळालं. ते त्याला अवजड, गुंतागुंतीचं आणि फार महाग वाटलं. आपली कल्पना तडीस न्यायचं त्याने तिथेच ठरवलं. 2 जून 1857 रोजी पेटंट मिळालं. फिलाडेल्फियाचे जेम्स विलकॉक्स भागीदार झाले आणि 1858पासून प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन अँड शार्प या कारखान्यात ‘विलकॉक्स अँड गिब्ज’ मशीन तयार होऊ लागलं. इतर नामांकित मशिनं शंभर डॉलरच्या आसपास जात असताना याची किंमत होती सुमारे पन्नास.

देखणं मात्र ते होतंच. सगळा सांगाडा इंग्रजी ‘जी’ अक्षराच्या वळणाचा, गिब्जच्या आद्याक्षराचा. कंपनीने तेच आपलं बोधचिन्ह केलं. सुरुवातीच्या मशिनांत दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्या चक्क काचेच्या होत्या. 1875च्या सुमारास आपोआप ताण राखणारी रचना आली आणि स्क्रू पिळत बसण्याचं शिवणाऱ्याचं काम सुटलं. आवाज इतका कमी, की कंपनी ‘सायलेंट’ म्हणून त्याची जाहिरात करी.

साखळी टाक्याचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे. धान्याच्या पोत्याच्या तोंडाचा दोरा बरोबर टोकाने ओढला की सरसर उसवतो, तसंच इथेही होतं. म्हणून शेवटच्या फासातून दोऱ्याचं टोक ओढून घ्यावं लागतं. तेवढं केलं की शिवण पक्की. शिवाय ही शिवण ताणली तर थोडी लांबते, चटकन तुटत नाही, आणि चुकलं तर कात्री न लावता उसवता येते. या टाक्याला कच्चा म्हणणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा गिब्ज दक्षिणेत होता. बारुदीसाठी लागणारा सोरा तयार करण्याच्या कामावर. युद्ध संपलं तेव्हा दक्षिण उद्ध्वस्त झाली होती. तो उत्तरेत भागीदाराकडे गेला, तर विलकॉक्स यांनी त्याच्या वाट्याचे दहा हजार डॉलर बाजूला राखून ठेवलेले होते.

गिब्ज गावी परतला आणि आपल्या जमिनीला त्याने ‘राफीन’ नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या सुईच्या शब्दावरून. 1902 साली तो वारला. तिथे वसलेल्या गावाचं नाव आजही राफीनच आहे.