वेतन कामाचे की कुटुंबाचे? : इंग्लंडमधील शिक्षक-संघटनांचा वाद (१९१९–१९६१)

शिक्षकांच्या वेतनाचा झगडा म्हटला की एका बाजूला शिक्षक व दुसऱ्या बाजूला शासन असे चित्र उभे राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र तितकाच कडवा झगडा चार दशके शिक्षकांच्याच संघटनांमध्ये चालू होता. वेतन वाढावे याविषयी दुमत नव्हते. कोणाचे किती वाढावे, यावर सारे अडले होते.

१८७० साली स्थापन झालेली नॅशनल युनियन ऑफ टीचर्स ही यांतील सर्वांत मोठी संघटना. १९१९ मध्ये तिने सभासदांचा कौल घेऊन स्त्री-पुरुषांना समान वेतन हे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी लॉर्ड बर्नहॅम यांच्या अध्यक्षतेखाली वेतनश्रेणी ठरवणारी समिती अस्तित्वात आली. या समितीच्या श्रेणींत स्त्रियांचे वेतन पुरुषांच्या सुमारे चार-पंचमांश राहिले आणि युनियनच्या प्रतिनिधींनी ते मान्य केले. ठराव एक आणि सही दुसऱ्याच कागदावर, ही युनियनची अडचण पुढे कायमची झाली.

तिच्यावर दोन्ही बाजूंनी आघात झाले. १९०४ पासून समान वेतनासाठी युनियनच्या आत झटणाऱ्या स्त्रियांनी १९२० मध्ये नॅशनल युनियन ऑफ विमेन टीचर्स ही स्वतंत्र संघटना उभारली. दुसरीकडे, समान वेतनाचा ठरावच अमान्य असलेले पुरुष १९२२ मध्ये बाहेर पडले. त्यांची संघटना नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूलमास्टर्स.

या पुरुषांचा युक्तिवाद केवळ द्वेषमूलक म्हणून बाजूला सारता येत नाही. पुरुषाच्या पगारावर घर चालते. समान वेतन म्हणजे प्रत्यक्षात पुरुषाचे वेतन स्त्रीच्या पातळीवर रोखून धरणे, अशी त्यांची भीती होती. मुलग्यांना पुरुष शिक्षकच हवेत, हा त्यांचा आग्रहही याच धारणेतून आलेला. स्त्रियांचे उत्तर साधे होते: वेतन कामाचे असते, कुटुंबाचे नव्हे; अविवाहित पुरुषाला कुटुंब नसतानाही अधिक पगार मिळतो आणि आईवडिलांना पोसणाऱ्या शिक्षिकेला मिळत नाही. या उत्तराचे खंडन कधीच समाधानकारकपणे झाले नाही. पुरुष संघटनेची बाजू जिथे सर्वांत लंगडी पडते ती जागा हीच. शिवाय विवाह होताच शिक्षिकेला नोकरीवरून कमी करण्याची प्रथा अनेक स्थानिक प्राधिकरणांत रूढ होती.

१९३१ च्या आर्थिक संकटात शिक्षकांच्या पगारात दहा टक्के कपात झाली, तेव्हाही या संघटना एकत्र आल्या नाहीत. विनिफ्रेड होल्टबीच्या ‘साउथ रायडिंग’ (१९३६) या कादंबरीची नायिका सारा बर्टन मुख्याध्यापिका आहे. तिच्या स्वाभिमानामागे हा सारा ताण आहे, हे ध्यानात घेतल्यास ते पात्र अधिक उकलते.

मार्च १९४४ मध्ये शिक्षण विधेयकावर थेल्मा कॅझलेट-कीर यांची समान वेतनाची दुरुस्ती कॉमन्स सभागृहात ११७ विरुद्ध ११६ अशी एका मताने संमत झाली. चर्चिल यांनी हा विश्वासाचा प्रश्न केला आणि दोनच दिवसांत ती ४२५ विरुद्ध २३ मतांनी रद्द करवली. विवाहबंदी मात्र त्याच वर्षीच्या कायद्याने संपली. समान वेतन १९५५ पासून टप्प्याटप्प्याने येत १ एप्रिल १९६१ रोजी पूर्ण झाले आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या संघटनेने आपले काम संपल्याचे मानून विसर्जन केले.

‘स्कूलमास्टर’ या शब्दातला पुरुषपणा मराठी वाचकाला सहज उमगावा. ‘मास्तर’ आपण तिथूनच घेतला. ‘मास्तरीण’ मात्र कधी शिक्षिका असते, कधी नुसती मास्तरांची बायको.

१९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यामुळे केवळ पुरुषांची संघटना चालवणे अशक्य झाले. १९७६ मध्ये स्कूलमास्टर्सची संघटना १९६० च्या दशकात निघालेल्या युनियन ऑफ विमेन टीचर्सशी एकरूप झाली आणि दोन्ही नावे एकाच पाटीवर शेजारी लागली.