गवयाचे घर आणि पडद्यावरची वाट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी हुबळीच्या कोप्पीकर रोडवर खरेदीला गेलो होतो. एका कापड दुकानाच्या पायरीवर आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी भेटला. भर गर्दीत वाकून नमस्कार केला त्याने. त्याच्या टी-शर्टवर पांढऱ्या खांबांच्या एका घराचे चित्र होते.

"हे कुठले देऊळ रे?" मी विचारले.

"देऊळ नाही सर, ग्रेसलँड. एल्व्हिस प्रेस्लीचे घर, अमेरिकेत. त्याच्यावर कितीतरी पिक्चर निघालेत!"

"बरे. आणि इथून फार लांब नाही, देशपांडे नगरात गंगूबाईंचे घर आहे, ते पाहिलेस का?"

तो क्षणभर गोंधळला. "कुठल्या गंगूबाई सर? त्या आलिया भटच्या पिक्चरमधल्या?"

मला हसू आले आणि वाईटही वाटले. मुलाला मुंबईच्या कामाठीपुऱ्यातली गंगूबाई ठाऊक होती, कारण तिच्यावर 2022 साली चित्रपट आला. मेम्फिसचे घर ठाऊक होते, कारण त्याच साली एल्व्हिसवरही मोठा चित्रपट आला. हुबळीच्या गंगूबाई हनगल मात्र ठाऊक नव्हत्या. पण त्याला दोष देताना जीभ अडखळली. गंगूबाई 21 जुलै 2009 रोजी गेल्या. तोवर त्या घरावरून मी अनेकदा गेलो होतो आणि एकदाही आत पाऊल टाकले नव्हते. 'आपल्याच गावच्या आहेत, जाऊ केव्हातरी', एवढाच विचार करून पुढे जात राहिलो.

त्या दिवसापासून मनात प्रश्न घर करून बसला. एका गायकाचे घर साऱ्या जगाला माहीत होते आणि दुसऱ्याचे शेजारच्या मुलालाही माहीत नसते, असे का व्हावे? केवळ पैशाने आणि प्रसिद्धीने याचे उत्तर पुरे होत नाही.

आधी ग्रेसलँड पाहू. एल्व्हिसचा जन्म 8 जानेवारी 1935 रोजी मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावी, वडिलांनी कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात झाला. 1948 साली कुटुंब मेम्फिसला आले. शाळा संपल्यावर पोरगा ट्रक चालवू लागला. गोऱ्या कुटुंबातला हा मुलगा काळ्या वस्त्यांतले ब्लूज आणि चर्चमधली भजने ऐकत वाढला होता, आणि ते सारे त्याच्या गळ्यात एकत्र आले. दोन समाजांच्या सीमेवर वाढलेला हा गायक. आपल्यासारख्या सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. 1957 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने सुमारे 1,02,500 डॉलरना ग्रेसलँड विकत घेतले आणि आईवडिलांना तिथे आणले. पुढच्याच वर्षी आई वारली. 16 ऑगस्ट 1977 रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, तोही त्याच घरात गेला. त्याची समाधी त्याच आवारात आहे. घराचा खर्च झेपेना, म्हणून 1982 साली ते लोकांना पाहण्यासाठी उघडले. तेव्हापासून तिथे यात्राच भरते. वरचा मजला, जिथे तो राहत असे, तो मात्र पाहुण्यांसाठी बंदच ठेवला.

या घराने चित्रपटांना एक कथाच पुरवली. 1989 च्या 'मिस्टरी ट्रेन' मध्ये एक जपानी तरुण जोडपे आगगाडीने मेम्फिसला येते, वारकऱ्याने पंढरपूर गाठावे तसे. 1998 च्या 'फाइंडिंग ग्रेसलँड' मध्ये मीच एल्व्हिस म्हणणारा एक माणूस लोकांच्या गाड्यांतून मेम्फिसकडे निघतो. 2001 च्या '3000 माइल्स टू ग्रेसलँड' मध्ये तर एल्व्हिसचा वेश घेतलेले दरोडेखोर आहेत. 2022 चा 'एल्व्हिस' ऑस्ट्रेलियात चित्रित झाला, आणि त्यासाठी ग्रेसलँड तिथे नव्याने उभारले. 2023 च्या 'प्रिसिला' मध्ये त्याच्या पत्नीच्या नजरेने तेच घर दिसते, एकाकी तरुणीला कोंडून ठेवणारे. कथा निराळ्या, पण बहुतेकांची दिशा एकच. सगळे त्या घराकडे निघालेले, नाहीतर त्या घरात अडकलेले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. हुबळी-धारवाड, गदग, कुंदगोळ, बेळगाव या पट्ट्याने हिंदुस्थानी संगीताला जेवढे गवई दिले तेवढे फार थोड्या प्रदेशांनी दिले असतील. त्यांच्यावर चित्रपटही झाले. गुलजारांनी 1992 साली भीमसेन जोशींवर माहितीपट केला. मल्लिकार्जुन मन्सूरांवरील नंदन कुध्याडी यांच्या 'रसयात्रा' ला 1994 सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांनी 'हंस अकेला' केला. कन्नडमध्ये अ. न. कृष्णराव यांच्या कादंबरीवरून 1966 साली 'संध्याराग' आला. त्यात राजकुमार गाण्याच्या वेडापायी घराला पारखा होणारा नायक झाले, आणि पार्श्वगायकांत खुद्द भीमसेनजी होते.

नावे नीट पाहा. एकात यात्रा आहे, एकात एकटा उडणारा हंस. तिकडच्या चित्रपटांत लोक गायकाच्या घराकडे निघतात, आपल्याकडच्या कथेत गवई घरातून निघतो. आणि हे चरित्रांना धरूनच आहे. 1933 साली अकरा वर्षांचे भीमसेन अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगचे घर सोडून पळाले. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, जालंधर असे भटकले, आणि अखेरीस गुरू मिळाले ते गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या रूपाने. मन्सूर लहान वयात नाटक कंपनीत गेले, मग मिरजेला नीलकंठबुवांकडे, मग मुंबईला मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. कुमारांनी क्षयाच्या आजारात देवासला मुक्काम हलवला आणि तिथलेच झाले. आपल्याकडे विद्या म्हणजे घर सोडून गुरूचे घर धरणे. तेव्हा कॅमेरा वाटेवर राहिला आणि मागचे घर चौकटीबाहेर गेले, यात नवल नाही.

पण गंगूबाईंचे काय? त्या पळाल्या नाहीत. 5 मार्च 1913 रोजी धारवाडला जन्म. आई अंबाबाई कर्नाटक संगीतातल्या जाणकार गायिका. मुलीच्या गळ्यावर आपली छाया पडू नये म्हणून त्या माऊलीने आपले गाणेच थांबवले. एका बाईने घरात बसून केलेला हा त्याग कोणता कॅमेरा टिपणार? 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायलेल्या या मुलीच्या मनात तेव्हा भीती होती ती ही, की जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना! जातीमुळे आणि 'गाणेवाली' म्हणून आलेले टोमणे त्यांनी ज्या गावांत सोसले त्याच गावांत त्या राहिल्या. 1928 साली कुटुंब हुबळीला आले, ते गाण्यासाठीच.

पुढे सवाई गंधर्वांकडे शिकताना त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात आणि परत येत. घरी मुले होती, संसार होता. कुंदगोळला राहून शिकणारे भीमसेन संध्याकाळी स्टेशनापर्यंत सोबत करीत, अशी आठवण त्या सांगत. सुमारे वीस किलोमीटरची ही वाट. घर सोडून विद्या मिळवणारे अनेक झाले, पण घर न सोडता, रोज जाऊन रोज परत येऊन ती मिळवणारी बाई विरळा. चित्रपटाला पळून जाण्याचा प्रसंग सोपा. परत येण्याचा प्रसंग कठीण, कारण तो रोज घडतो.

इथे आपल्या घरांचाही प्रश्न आहे. भीमसेन तुमचे की आमचे, हा वाद आपण चहाच्या टेबलावर किती वेळा घातला! गंगूबाईंच्या घरापुढे तो वाद टिकत नाही. घरची भाषा कन्नड. आईचे संगीत दक्षिणेचे. घराणे उत्तरेतल्या किरान्याचे, तेही मिरजेच्या वाटेने आलेले. गुरू कुंदगोळचे रामचंद्र, पण 'सवाई गंधर्व' हे नाव मिळाले ते मराठी रंगभूमीवर. आणि गंगूबाईंनी तरुणपणी 'गांधारी हनगल' या नावाने ग. ना. जोशींबरोबर मराठी भावगीतेही ध्वनिमुद्रित केली. यातले एक काढून टाकले तरी ते घर उभे राहणार नाही. आपणही घरात मराठी, बाजारात कन्नड, असे रोज जाऊन परत येणारेच लोक. ही ये-जा कमीपणाची नाही, विद्येची आहे, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

गंगूबाईंच्या देशपांडे नगरातल्या 'गंगालहरी' या घरात वाद्ये, छायाचित्रे आणि मानचिन्हे यांचे संग्रहालय करण्यात आले. धारवाडला मन्सूरांच्या 'मृत्युंजय' या घराचे स्मारक झाले. ग्रेसलँडसारखा तिकिटांचा व्यापार या घरांमागे उभा नाही. ती टिकायची तर शेजाऱ्यांच्या पायधुळीवरच टिकतील. आपल्या भागातल्या शाळांनी वर्षातून एक सहल कुंदगोळच्या नाडगीर वाड्याला आणि या घरांना न्यावी. बसभाडे फारसे लागत नाही.

त्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर तो विद्यार्थी घरी आला. "सर, चला, ते घर दाखवा," म्हणाला. आम्ही चालत गेलो. वाटेत मी त्याला अंबाबाईंची आणि आगगाडीची हकीकत सांगितली. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, यांच्यावर पिक्चर काढायचा तर सुरुवात कुठून करायची?"

मी म्हणालो, "कुंदगोळच्या स्टेशनावरून. संध्याकाळच्या, हुबळीला परत येणाऱ्या गाडीपासून."