साखळीपासून सोनोग्राफीपर्यंत

‘सोनोग्राफी’ म्हटले की महाराष्ट्राला गर्भलिंगनिदान आणि १९८८ चा राज्य कायदा आठवतो. तिचा आणखी एक इतिहास क्वचितच सांगितला जातो. खोकताना, हसताना, भरलेली कळशी उचलताना लघवी निसटते, हे कित्येक स्त्रिया आयुष्यभर कुणालाच सांगत नाहीत. तो इतिहास या दुखण्याचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शल्यविशारदांचे सारे लक्ष एका कोनाकडे होते. मूत्राशय जिथे मूत्रमार्गाला मिळते, तिथला मागचा कोन अशा स्त्रियांत नाहीसा होतो, असे जेफकोट आणि रॉबर्ट्स यांनी १९५२ मध्ये मांडले. तो पाहण्यासाठी धातूच्या मण्यांची बारीक साखळी मूत्रमार्गातून आत सोडत, मूत्राशयात क्ष-किरणांना दिसणारे द्रव भरत आणि स्त्रीला कुंथायला सांगून बाजूने चित्र घेत. जंतुसंसर्गाची भीती होती, ओटीपोटावर किरणोत्सर्ग होता. लाजेचा तर हिशेबच नव्हता.

त्याच काळात ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड निराळ्या वाटेने चालले होते. महायुद्धात हवाईदलात असताना रडार आणि सोनारशी त्यांचा परिचय झाला होता. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी दोन मोटारींच्या डिक्कीत भरून ते रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात पोहोचले. पोलादातील तडे शोधणाऱ्या यंत्राखाली त्यांनी त्या गाठी धरल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा मोठा तुकडा पुरवला! १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध आला.

मूत्राशयाची हालचाल या तंत्राने टिपायला मात्र १९८० चे दशक उजाडले. आता शरीरात काहीच घालावे लागत नव्हते. आवरण चढवलेला प्रोब योनिमुखाशी बाहेरूनच टेकवायचा, जघनास्थीची कडा स्थिर खूण मानायची आणि कुंथताना मूत्राशयाची मान किती मिलिमीटर खाली येते ते मोजायचे.

पण हा आकडा म्हणजे निदान नव्हे. मान बरीच घसरूनही काही स्त्रियांची लघवी निसटत नाही, आणि फारशी न घसरताही काहींची निसटते. म्हणूनच निदानाचा पाया आजही रुग्णेचे कथन आणि खोकून घेतलेली साधी चाचणी हाच आहे. माझ्या मते कोनाच्या वेडाला खरा शह इथेच बसला.

या तंत्राचे मोल वेगळ्याच ठिकाणी उघड झाले. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली पॉलिप्रॉपिलीनची पट्टी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. अनेकींना तिचा लाभ झाला, काहींच्या वाट्याला मात्र कायमच्या वेदना आल्या. ही पट्टी क्ष-किरणांत दिसत नाही. सोनोग्राफीत ती ठळक पांढरी उमटते, कुठे सरकली वा आवळली तेही कळते.

जुलै २०१८ मध्ये इंग्लंडने या शस्त्रक्रिया थांबवल्या. २०२० च्या कम्बरलेज अहवालाने नोंदवले, की तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचे म्हणणे वर्षानुवर्षे झटकून टाकले गेले होते.