दुसऱ्याच्या सायकलीवर

सायकल हे मोठे इमानी वाहन आहे. बैलाला वैरण लागते, मोटारीला पेट्रोल लागते. सायकलीला फक्त धनी लागतो. आमच्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनासाठी येणारी माणसे आता मोटारसायकलींवरून येतात. तरीही गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाण्याने भरलेले घमेले अजून ठेवलेले असते, आणि संध्याकाळी मी तिथल्या बाकावर जाऊन बसतो. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. आता ऐकायला वर्ग नाही, म्हणून दुकानदार ऐकतो.

गेल्या जुलैत असाच बसलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. दुकानदाराच्या मुलाने मोबाइलवर फ्रान्समधली सायकल शर्यत लावली होती. धावता धावता एक स्वार थांबला, चांगली दिसणारी सायकल त्याने रस्त्याच्या कडेला टाकली, मागच्या मोटारीच्या टपावरून उतरवलेली दुसरी घेतली आणि निघून गेला. दुकानदाराच्या हातातला पान्हा तसाच राहिला.

“गुरुजी, हे कसं काय हो? सायकल बिघडली तर नीट करावी का बदलावी? बदलून जिंकला तर जिंकलं कोण, माणूस का मोटार?”

हा प्रश्न ऐकून मी चपापलो. त्याचे कारण पुढे सांगेन. आधी इतिहास सांगतो, कारण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ऐरणीवर आला होता, आणि तोही खऱ्याखुऱ्या ऐरणीवर.

‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत 1903 साली सुरू झाली. तिचे जनक आंरी देग्रांज हे वृत्तपत्राचे संपादक होते आणि स्वभावाने कडक होते. प्रत्येक स्वाराने आपल्या बळावर धावावे आणि मोडतोड झाली तर ती आपल्या हाताने दुरुस्त करावी, असा त्यांचा दंडक होता. 1913 साली पिरेनीज पर्वतातला तूर्मालेचा घाट उतरताना युजेन ख्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. शर्यत जिंकण्याची त्याला आशा होती. दुसरी सायकल घेण्याची मुभा नव्हती. मोडकी सायकल खांद्यावर घेऊन तो दहाबारा किलोमीटर चालत पायथ्याच्या गावी पोचला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने हात लावायचा नाही, म्हणून ख्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, ठोकले आणि चिमटा जोडला. पंच डोळ्यांत तेल घालून पाहत उभे होते. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे एका लहान मुलाने भाता ओढला, तर ती परकी मदत ठरवून पंचांनी त्याला 10 मिनिटांचा दंड केला! पुढे तो कमी झाला. पण गेलेले तास कुठून परत येणार? 1919 साली हाच ख्रिस्तोफ आघाडीवर असताना शर्यतीच्या अखेरीस पुन्हा चिमटाच मोडला, आणि हातची शर्यत पुन्हा गेली. जन्मात ती त्याला मिळाली नाही.

हे ऐकून दुकानदार खूश झाला. “ह्याला म्हणावं गडी!” तो म्हणाला. पण क्षणभर थांबून त्याने विचारले, “मग गुरुजी, ती शर्यत पायांची होती का नशिबाची?”

देग्रांजच्या नियमातली नेमकी मेख हीच होती. ज्याचे लोखंड कच्चे निघाले त्याचे पाय कितीही पक्के असले, तरी उपयोग नव्हता. काळाबरोबर नियम सैल होत गेले. 1930 पासून देशवार संघ उतरू लागले, आणि एका संघातले स्वार एकमेकांसाठी झिजू लागले.

1934 साली फ्रान्सच्या संघात रने व्हिएतो नावाचा 20 वर्षांचा पोरगा होता. घाटात त्याला गाठणे कठीण होते. संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य याचे चाक निकामी झाले, तेव्हा व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि नव्या चाकाची वाट पाहत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडला. व्हिएतो पुढे निघून गेला होता. तो मागे वळला, उतरलेला घाट उलटा चढून आला आणि या वेळी त्याने सबंध सायकलच म्होरक्याच्या हाती दिली. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतोला डोंगरचढाईचे बक्षीस मिळाले, पण टूर मात्र तो कधीच जिंकला नाही.

आज चाक बदलण्याच्या खटाटोपापेक्षा सायकल बदलणे लवकर होते. मोटारीच्या टपावर जादा सायकली असतात, आणि म्होरक्याची सायकल झटकन हाती यावी म्हणून कडेला ठेवतात. दुसऱ्याची सायकल सहसा जमत नाही. बैठकीची उंची आणि पायटे ज्याच्या त्याच्या मापाचे असतात. 2016 साली माँ व्हाँतूच्या चढावर क्रिस फ्रूमची सायकल मोडली, तेव्हा तो चक्क पायी धावत सुटला. शर्यतीच्या मदतगाडीने दिलेली सायकल त्याला जुळेना. आपल्या संघाची मिळाली तेव्हा कुठे त्याचे पाय लागले.

आणि काही वेळा धडधाकट सायकलही मुद्दाम बदलतात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीचे उदाहरण घ्या. खोपोलीपर्यंत सपाटी, आणि पुढे छातीवर येणारा बोरघाट. तो प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’. सपाटीवर वारा कापणारी सायकल हवी, तर चढावर हलकी. 2020 च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी 36 किलोमीटरांची एकट्याने धावण्याची शर्यत होती, आणि तिचे अखेरचे सहा किलोमीटर चढाचे होते. पोगाचार आणि रोग्लिच या दोघांनीही चढाच्या तोंडाशी सायकली बदलल्या. 57 सेकंदांनी मागे असलेला पोगाचार दिवसअखेर 59 सेकंदांनी पुढे गेला. बदलण्याची मुभा दोघांना सारखीच होती. फरक पायांनी पाडला. दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

पण माझे उत्तर एवढ्यावर संपत नाही. शाळेत असताना आम्ही मुलांनी परभणीच्या रस्त्यावर शर्यत लावली होती. अर्ध्या वाटेत माझी चेन तुटली. माझ्या पुढे असलेला मित्र थांबला, त्याने आपली सायकल मला दिली आणि माझी स्वतःकडे घेतली. मी पहिला आलो. बक्षीस म्हणून पितळी पेला मिळाला. सायकल कुणाची होती ते कुणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. तो मित्र म्हणजे या दुकानदाराचे वडील. आता ते नाहीत.

त्या संध्याकाळी मी हे प्रथमच बोललो. दुकानदार बराच वेळ चाक फिरवत राहिला.

“बाबांनी कधी सांगितलं नाही,” तो म्हणाला. मग धंद्याचा प्रश्न त्याच्या तोंडी आलाच. “मग तुमची चेन कुणी जोडली?”

“त्यानंच. रस्त्यावर, दगडावर ठेवून ठोकली. दिवेलागणीला सायकल घरी आणून दिली.”

फ्रान्समध्ये एकाने आपला चिमटा आपण जोडला आणि दुसऱ्याने आपली सायकल देऊन टाकली. माझ्या मित्राने एकाच दिवशी दोन्ही केले. यंदा फराळाच्या ताटाबरोबर तो पितळी पेला मी दुकानदाराच्या घरी पाठवणार आहे. त्याला उशीर फार झाला आहे. पण पायी येणारा माणूस उशिराच पोचतो.