जीप गेली, तिच्या जागी दोन गाड्या आल्या

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' एवढं गाळलंय.

आजचा विषय घरातला आहे. काटोल, नरखेड, वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात गेलात किंवा नागपूरच्या आसपास कुठल्याही शेतकरी घरात डोकावलात, तर एक वाद हमखास ऐकू येतो. अंगणात जुनी जीप उभी आहे. ताडपत्रीचं छत, पाट्यांची स्प्रिंग, पॉवर स्टिअरिंगचं नाव नाही. पोरगा म्हणतो, बाबा, काढून टाका आता, जरा आरामाची गाडी घेऊ. आई त्याच्या बाजूने, कारण मागच्या बाकावर बसून कंबर तिची गेलीय. बाबा म्हणतात, हिच्यासारखं काम कोणती गाडी करणार?

या वादात दोघंही बरोबर आहेत असं माझं मत आहे. का, ते समजायला ८० वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे सुरुवात नागपुरातूनच होते.

डिसेंबर १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. प्रश्न एकच, या देशात रस्ते किती हवेत आणि कुठे? त्यातून जो २० वर्षांचा आराखडा निघाला त्याला आजही इंजिनिअरिंगची पोरं 'नागपूर प्लॅन' म्हणून पाठ करतात. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे त्याचं लक्ष्य. शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नको, अशीही कल्पना होती. रस्त्यांचे पाच वर्ग त्यांनीच पाडले: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग. गावाकडे जाताना बांधकाम विभागाच्या पाटीवर 'प्रजिमा' असं लिहिलेलं दिसतं ना? कोणाच्या आजीचं नाव वाटतं ते. ते प्रमुख जिल्हा मार्ग. वर्गवारी या बैठकीतली.

म्हणजे १९४३ साली नागपुरात बसलेले लोक म्हणत होते की आधी रस्ता करू, मग गाडी धावेल. आणि नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत उलटा विचार करून एक गाडी तयार झाली होती: रस्ता नाही ना, मग रस्त्याशिवाय चालणारी गाडी करू.

ती जीप. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना मागणी पाठवली. टेंडर ११ दिवसांत, आणि पहिली चालती गाडी ४९ दिवसांत हवी. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती वेळेत केली. पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. चारही चाकांना जोर, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, दरवाजे नाहीत. आराम हा शब्द मागणीपत्रात कुठेच नव्हता.

त्याचा परिणाम काय झाला ऐका. माकडहाडाजवळ गाठ होऊन पू धरण्याचा एक आजार असतो. युद्धाच्या काळात त्यासाठी अमेरिकेचे सुमारे ८० हजार सैनिक दवाखान्यात दाखल झाले. १९४४ मध्ये लुई ब्यूई नावाच्या सर्जनने त्याला थेट 'जीप डिसीज' म्हणजे जीपचा आजार असं नाव दिलं. नंतर डॉक्टरांना कळलं की मूळ कारण त्वचेत रुतणाऱ्या केसांचं असतं, धक्के फक्त ते वाढवतात. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तेव्हा तुमच्या घरी कोणी 'जीपने पाठ मोडली' म्हणत असेल तर ती तक्रार जीपइतकीच जुनी आहे.

आता महत्त्वाचा भाग. युद्ध संपत आलं आणि विलीज कंपनीपुढे प्रश्न आला की ही गाडी आता विकायची कोणाला? १९४५ मध्ये त्यांनी पहिली नागरी जीप काढली, सीजे-२ए. ती कोणाला दाखवली? शेतकऱ्याला. जाहिरातींमध्ये जीप नांगर ओढतेय, इंजिनातून निघणाऱ्या दांड्यावर शेतातलं यंत्र फिरतंय, आणि रविवारी त्याच जीपमध्ये सगळं कुटुंब बसलंय. म्हणजे एका किमतीत ट्रॅक्टर आणि मोटार. ट्रॅक्टर म्हणून ती मध्यमच होती, मोटार म्हणून त्याहून मध्यम. पण दोन्ही कामं करायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात ती आली महिंद्रांमुळे. २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियानात महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली, पोलादाच्या व्यापाराची. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आणि मुंबईत माझगावला विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली.

मग २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम आला, आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या. गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ आणि बीडीओ म्हणजे जीप, हे समीकरण तिथून सुरू झालं. लसीची जीप, मलेरियाची जीप, निवडणुकीत कर्णा लावलेली जीप. गावात धूळ उडाली की लोकांना कळायचं, सरकार आलं. कारण बाकी कोणाची गाडी त्या वाटेने येऊच शकत नव्हती. नागपूर प्लॅनचं लांबीचं लक्ष्य १९६१ पर्यंत ओलांडलं गेलं होतं, पण त्यातल्या कितीतरी रस्त्यांवर डांबर नव्हतं. आणि विदर्भातली काळी माती पावसाळ्यात काय करते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. चाकाला चिकटते, मग चाक गोल राहतच नाही.

मधल्या काळावरून पटकन जाऊ. ऐंशीच्या दशकात डिझेल इंजिनाच्या जीप आल्या, लांब चासीच्या आल्या. दशकाच्या शेवटी पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली आणि आपल्याकडे काळी-पिवळी सुरू झाली. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना आठवेल. पुढे ड्रायव्हर धरून चार जण, गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांमध्ये, मागे समोरासमोर बाक, टपावर कोंबड्या. या काळात गाडीत आराम आला, पण तो पुढून मागे आला. आधी ड्रायव्हरची सीट नीट झाली, मग त्याच्या शेजारची. मागचे आडवे बाक त्यानंतर कितीतरी वर्षं तसेच होते. बोलेरोच्या मागेही ते राहिले. आई पोराच्या बाजूने का आहे, ते कळलं ना आता?

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. नाव जपानी पैलवानाचं वाटतं, पण ते सुमंत मुळगावकर यांच्या नावातून घेतलंय. बंद काचा, लोखंडी छत, दहा माणसं. विकली जाणारी सुमो बहुतेक करून फोर बाय फोर नव्हतीच. लोकांना ते खटकलं नाही. का नाही खटकलं? कारण तोवर रस्ता आला होता.

तारखा शेजारी ठेवून बघा. नागपूरचेच नितीन गडकरी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याचे बांधकाम मंत्री होते. १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. २००० मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो आली, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉर्पिओ आली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या देशात मुरमाचा रस्ता डांबरी होतोय, तिथे पुढच्या चाकांना जोर कशाला? त्याऐवजी एसी द्या, बरी सीट द्या. बोलेरोने तेच केलं. चेहरा जीपच्या घराण्यातला, खाली तीच मजबूत चासी, मागे तेच पाटे, पण आत बसल्यावर माणसासारखं वाटायचं.

मग जीपचं दुसरं काम, चिखलातलं, त्याचं काय झालं? ते ट्रॅक्टरने घेतलं. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचाच ट्रॅक्टरचा कारखाना आहे, नागपूरकरांना माहीत आहे. म्हणजे १९४५ मध्ये विलीजने एका गाडीत जे दोन धंदे बांधले होते, ते आपल्याकडे सुटे झाले. डांबरावरचं काम बोलेरो-स्कॉर्पिओकडे, पांदण रस्त्यावरचं ट्रॅक्टरकडे, आणि एकट्याने शेतावर चक्कर मारायची असेल तर मोटरसायकल आहेच. आपण म्हणतो की जीपच्या जागी आरामाची गाडी आली. हिशेब केला तर तिच्या जागी दोन-तीन गाड्या आल्या आणि खर्चही तसाच आला. बाबा 'हिच्यासारखं काम' म्हणतात ना, ते हे. त्यांना ते असं मांडता येत नाही, एवढंच.

यात एक मोठा ग्राहक असा होता ज्याने हा प्रश्न कागदावर लिहून सोडवायचा प्रयत्न केला. आपलं सैन्य. सैन्याकडे वर्षानुवर्षं मारुतीची जिप्सी होती. १९८५ ची गाडी, सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन, वजन टनाच्या आसपास. तिची जागा घेणाऱ्या गाडीसाठी सैन्याने अटी घातल्या: किमान ८०० किलो ओझं, पक्कं छत आणि एसी. हो, एसी. लांबलचक चाचण्या झाल्या, शेवटी सामना टाटाची सफारी स्टॉर्म आणि महिंद्राची स्कॉर्पिओ यांच्यात. दोन्ही महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या गाड्या. २०१७ मध्ये ३,१९२ सफारींचा करार टाटाला मिळाला.

संपली ना जिप्सी? नाही. २०२० मध्ये बातमी आली की मारुतीने सैन्याला ७१८ नव्या जिप्सी दिल्या. तेव्हा सामान्य ग्राहकासाठी ती बंद झालेली होती, कारण २०१९ पासून एबीएस, एअरबॅग, धडक चाचणी असे नियम आले आणि जिप्सीकडे यातलं काहीच नव्हतं. सैन्यासाठी सरकारने सवलत दिली. डोंगरातल्या अरुंद वाटेवर हलकी, छोटी गाडी लागते. एसी असलेली दोन टनांची गाडी तिथे वळत नाही. मैदानात साहेबासाठी सफारी, वर जिप्सी. तिथेही एकीच्या जागी दोन झाल्या.

आणि जिप्सीचं दुसरं माहेर आपल्याच दारात आहे. ताडोबा, पेंच, उमरेड-करांडला. ताडोबा १९५५ पासूनचं, राज्यातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान. इथे 'जिप्सी' हे आता गाडीचं नाव राहिलेलं नाही, उघड्या सफारीच्या कुठल्याही गाडीला लोक जिप्सी म्हणतात. सहा पर्यटक, एक गाईड, एक ड्रायव्हर. गाडी रांगतच चालते. धूळ खा, थंडीत कुडकुडा, पण वाघ दिसला की उभं राहता येतं आणि मध्ये काच नसते. पर्यटकासाठी आराम तोच.

यातल्या बऱ्याच गाड्या जंगलालगतच्या गावांतल्या लोकांच्या आहेत. एक जिप्सी म्हणजे एक घर. ती जुनी झाली की काय घ्यायचं? कागदावर उत्तर सोपं आहे: जिमनी. जिप्सीचीच नात म्हणा. जून २०२३ मध्ये पाच दारांची भारतात आली, सगळ्या मॉडेलमध्ये फोर बाय फोर, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, सहा एअरबॅग. चालवायला जिप्सीपेक्षा शंभरपट बरी. पण तिला लोखंडी छत आहे. ते कापायचं म्हणजे नोंदणीच्या वेळी लिहिलेली गाडी बदलायची, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथे आडवं येतं. शिवाय सुरुवातीची किंमत होती पावणेतेरा लाखांच्या आसपास. जुन्या जिप्सीचे सुटे भाग शोधत फिरणारा मालक मागासलेला नाहीये, तो हिशेबी आहे.

शहरात मात्र गाडी उलट्या बाजूला गेलीय. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने थारचं स्वस्त मॉडेल काढलं, फक्त मागच्या चाकांना जोर असलेलं. बाहेरून जीप, आतून मोटार. धरमपेठेत आणि वर्धा रोडवर रांगा दिसतात त्यांच्या. मला त्यात वाईट काही वाटत नाही, डिसेंबर २०२२ पासून आपल्याकडे समृद्धी महामार्ग आहे, तिथे ताशी १२० ने ताडपत्रीची जीप कोण नेणार?

पण भामरागडला जाऊन बघा. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते आणि गाव तुटतं. तिथे थार थांबते, स्कॉर्पिओ थांबते, जुनी जीपसुद्धा थांबते, आणि लोक नावेची किंवा पाणी उतरण्याची वाट बघतात. आणि तुमच्या शेताच्या पांदण रस्त्याचं म्हणाल, तर २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी 'मातोश्री' नावाने योजना काढली. तो रस्ता तुमच्याकडे झालाय का? जीप विकायच्या आधी बाबांना आणि सरपंचाला, दोघांनाही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. आईला कुठली सीट हवीय तेही सांगा.