‘शुश्रूषा’ शब्द आणि शुश्रूषेची पदवी

जळगांवाजवळील असोदा येथील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची नात बारावीची परीक्षा उतरली व तिनें ‘बी. एस्‌सी. नर्सिंग’ या चार वर्षांच्या अभ्यासक्रमास जाण्याचा हेका धरिला. तिचे आजोबा मजकडे आले ते एकच प्रश्न घेऊन : “गुरुजी, आजाऱ्याची उशी सारायला पदवी कशाला? आमच्या मायनं कोणती पदवी घेतली होती?” प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. शुश्रूषा ही विद्या कीं नुसती चाकरी, हा वाद त्यांत दडलेला आहे, आणि तो आपल्या भाषेंत फार जुना आहे. म्हणून हें टिपण.

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या सन्नन्त रूपापासून सिद्ध होतो. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. कौटिल्यानें बुद्धीचे गुण सांगतांना शुश्रूषा, श्रवण, ग्रहण, धारण असा जो क्रम लाविला आहे, त्यांत तिला पहिलें स्थान आहे. म्हणजे हा शब्द मुळांत विद्यार्थ्याचा. गुरूचें ऐकावयाचें तर त्याच्याजवळ राहावें, त्याचें पाणी भरावें, या वाटेनें त्यास सेवेचा अर्थ चिकटला. पुढें मनुस्मृतींत तर तीन वर्णांची शुश्रूषा हेंच शूद्राचें कर्म ठरविलें गेलें. विद्येच्या दारांतला शब्द असा दास्यांत जाऊन पडला. आजोबांच्या बोलण्यांत जो तुच्छतेचा सूर होता, तो या दुसऱ्या अर्थाचा वारसा होय असें माझें मत आहे.

वैद्यकग्रंथांनीं मात्र पहिला अर्थ सोडला नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायांत, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाचे गुणही चारच : उपचारज्ञता, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. यांत उपचारांचें ज्ञान पहिलें व माया तिसरी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत अनुरक्त हें विशेषण पहिलें व बुद्धिमान् हें शेवटचें घातलें आहे. पण तो क्रम वृत्ताच्या सोयीसाठींही असूं शकेल, त्यावर फार मोठी इमारत उभारणें योग्य नव्हे. सुश्रुताची एक अपेक्षा मला विशेष मोलाची वाटते : परिचारक ‘अजुगुप्सु’, म्हणजे किळस न करणारा असावा. हीं विशेषणें या ग्रंथांत पुल्लिंगी आहेत. घरांत मात्र हें काम बायकांच्याच वाट्यास आलें.

त्याचें उदाहरण शोधावयास असोद्याबाहेर जाणें नको. बहिणाबाई चौधरी इ. स. १८८० मध्यें येथेंच महाजनांच्या घरीं जन्मल्या. तिशींत त्यांस वैधव्य आलें, आणि त्यांचा मुलगा ओंकार प्लेगनें कायमचा अधू झाला. शेती, जातें आणि अधू मुलगा हें सर्व अक्षरशत्रु बाईनें निभावलें. आजोबांची ‘माय’ ती हीच. पण मायेला ज्ञानाची जोड नसली तर काय होतें, हेंही त्या काळानेंच दाखविलें. पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला व ता. १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हें तेव्हां वैद्यांसही पुरतें ठाऊक नव्हतें. मग सेवा करणाऱ्यानें जपावें तरी कसें?

इ. स. १९०९ हें वर्ष या इतिहासांत नजरेंत भरतें. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठानें शुश्रूषेची शाळा आपल्या छत्राखालीं त्याच वर्षीं काढली, आणि पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन उभें राहिलें. सेवासदनानें बायकांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पाठविलें. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढावयाचें. त्या काळच्या घरंदाज समाजास हें पचणें कठिण होतें.

मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्यें झाला. नोंदणी हा शब्द रुक्ष आहे खरा, पण शिकलेली व न शिकलेली यांतील रेषा सरकारनें प्रथम तेथें ओढली. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ मध्यें संमत झाला. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्यें निघालें. १९९८ मध्यें नाशिकास आरोग्यविज्ञान विद्यापीठ झालें व खानदेशांतील परिचर्या महाविद्यालयें त्याच्याकडे गेलीं. त्यामुळें एक गंमत झाली आहे : जळगांवच्या विद्यापीठास २०१८ मध्यें बहिणाबाईंचें नांव मिळालें, पण असोद्याच्या मुलीस शुश्रूषेची पदवी हवी असल्यास तिच्यावर नाशिकचा शिक्का उठतो.

आजोबांस मीं अभ्यासक्रम वाचून दाखविला. २०२१ च्या नियमांप्रमाणें आठ सत्रें. प्रवेशास भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय. पुढें शरीररचना, आहार, औषधविज्ञान, मनोविकार, बालरोग, प्रसूति. शिवाय रुग्णालयांतील व खेड्यापाड्यांतील प्रत्यक्ष काम. औषधाची मात्रा चुकून दहापट लिहिली गेली असेल तर रोग्यास सुई टोंचण्यापूर्वीं ती ओळखणारा शेवटचा डोळा परिचारिकेचा असतो. चरकाची उपचारज्ञता ती हीच. आणि पदवी हातीं आली तरी महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेंत नांव नोंदविल्याखेरीज काम करतां येत नाहीं.

आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें. नंतर त्यांनीं वसतिगृहाची चौकशी केली. ती मला ठाऊक नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळच्या बसनें आम्ही दोघे व ती मुलगी जळगांवास गेलों.